कोपऱ्यातले नाव

मित्रांनो, तुम्ही दुकानातून हौसेने आणता, चार दिवस उशाशी घेऊन झोपता आणि हरलात की पलंगावर आपटता, तो मी नव्हे. मी एक जुना, कामावरचा गेमपॅड आहे. दोन मुठी, अंगठ्यांखाली दोन दांड्या आणि बोटांना पुरतील एवढी बटणे, हाच माझा सगळा संसार. माझ्या डाव्या दांडीवरचे रबर पार उडाले आहे आणि पाठीवर, उजव्या कोपऱ्यात, घासून काढलेली एक कोरी जागा आहे. ही गोष्ट त्या जागेची आहे. ती फार गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावरून मी एका बाईसमोर आलो. तिने माझ्या अंगात स्क्रू पिळले आणि मान वर न करता पुढचा उचलला. खोक्यात आम्ही भावंडे शेजारी शेजारी पडलो होतो आणि गप्पांना ऊत आला होता. कोणाला मोठ्या घरातला दिवाणखाना हवा होता, कोणाला स्पर्धेचे व्यासपीठ. मीही मनात मांडे खात होतो. प्रत्यक्षात माझी रवानगी झाली ती एका गेम बनवणाऱ्या कंपनीत. तिथे कोणीतरी माझ्या पाठीवर नंबराचा कागद चिकटवला. त्यावर ‘कंपनीची मालमत्ता’ असे छापले होते. मला त्याचा केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू!

गेम बनवणारे वरच्या मजल्यावर बसत. तिथे मोठ्या खिडक्या होत्या, झाडांच्या कुंड्या होत्या आणि कॉफीचे यंत्र होते. मी खालच्या मजल्यावर, टेस्टरांच्या खोलीत होतो. टेस्टर म्हणजे तयार होत आलेला गेम खेळून त्यातल्या चुका शोधणारी माणसे. संगणकांच्या पडद्यांवर उजेड पडू नये म्हणून तिथले खिडक्यांचे पडदे कायम ओढलेले असत. गालिच्याला ओल्या मोज्यांचा वास येई. वरच्यांच्या गळ्यात ओळखपत्राची निळी पट्टी असे, टेस्टरांच्या गळ्यात करडी. करडी पट्टी म्हणजे कंत्राटी माणूस. काम या कंपनीचे, पण पगार मधल्या एजन्सीचा, आणि तिचा वाटा ती आधीच कापून घेई. करड्या पट्टीला वरचे कॉफीचे यंत्र चालत नसे.

मी जिच्या हातात पडलो तिला खोलीत सगळे ‘भिंतवाली’ म्हणत. गेममधल्या भिंती तपासणे हे तिचे काम होते. तुम्ही गेममध्ये गुहेत शिरता तेव्हा बाजूची भिंत तुम्हाला अडवते, यात तुम्हाला काही विशेष वाटत नाही. पण ती अडवते की नाही हे आधी कोणीतरी पाहिलेले असते. भिंतवाली गेममधल्या वीराला प्रत्येक भिंतीवर नेऊन आपटायची. सरळ, तिरका, उडी मारून, पाठमोरा. मग दोन पावले पुढे सरकून पुन्हा तेच. सकाळी सुरू केलेली गुहा संध्याकाळपर्यंत संपत नसे. बाहेरचे लोक म्हणत, काय मजा आहे, खेळायचे पैसे मिळतात! तिच्या मावशीने तर, पोरगी दिवसभर खेळते आणि दमले म्हणते, असे चारचौघांत सांगितले होते. भिंतवाली यावर हसायची. तिचा अंगठा मात्र हसत नसे. माणसाचे खरे काय ते मला अंगठ्यावरून कळते.

आता पगाराचे सांगतो. लपवण्यासारखे त्यात काही नाही, कारण मुळात फारसे काही नव्हतेच. वर कोड लिहिणाऱ्या एका माणसाच्या पगारात आमच्या खोलीतले तिघे सहज बसले असते. दोन कंत्राटांच्या मधल्या आठवड्यांत तर तेही मिळत नसे. कोणी कुरकुर केली की वरून उत्तर येई, बाहेर रांग लागली आहे, लोक इथे फुकटसुद्धा यायला तयार आहेत. यातले वाईट असे की ते खरे होते. भिंतवालीही त्याच रांगेतून आली होती. लहानपणापासून तिला याच कामात यायचे होते.

घरी ती आणि तिचे वडील, दोघेच. वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. आयुष्यभर शिडीवर चढून त्यांनी दुसऱ्यांची नावे मोठ्या अक्षरांत लिहिली. पण प्रत्येक पाटीच्या खाली, उजव्या कोपऱ्यात, नखाएवढ्या अक्षरांत ते स्वतःचे नाव घालत. कोणी दुकानदार नको म्हणाला, तर ते रंगाचे डबे उचलून चालू लागत. पुढे मशीनवर कापलेली तयार अक्षरे आली, पाट्यांचे काम आटले आणि त्यांच्या हातालाही कंप सुटला. आता घर लेकीच्या पगारावर चालत होते, म्हणजे पोटाला चिमटा घेऊन चालत होते. जेवणाच्या सुट्टीत ती फोन मांडीवर ठेवून त्यांच्याशी बोले, तेव्हा मी बाजूलाच असे. एकदा महिनाअखेरीस त्यांनी विचारले, ते मला अजून आठवते.

“पैसे कमी असू देत गं. पण नाव येतं ना?”

“येतं बाबा. गेम संपला की शेवटी सगळ्यांची नावं येतात. तुम्हाला दाखवेन मी.”

“मग झालं तर,” ते म्हणाले आणि खरोखरच खूश झाले. त्यानंतर दर फोनला ते एवढेच विचारत, पाटी कुठवर आली?

त्याच सुमारास तिला दुसरीकडून बोलावणे आले. एका बँकेला स्वतःचे ॲप तपासायला माणूस हवा होता. पगार दीडपट, सुट्टीचे पैसे वेगळे आणि संध्याकाळ मोकळी. तिने दिवसभर एकही भिंत तपासली नाही. वीर भिंतीपाशी नुसता उभा राहिला होता आणि अंगठा माझ्यावर नुसता ठेवलेला होता. शेवटी ती आमच्या खोलीच्या प्रमुखाशी बोलली. प्रमुख माणूस वाईट नव्हता. त्याच्याही गळ्यात कधीकाळी करडी पट्टी होती.

“जायचं तर जा,” तो म्हणाला. “पण आत्ता गेलीस तर नाव जाईल. गेम बाहेर पडेल त्या दिवशी जो कामावर असेल, त्याचंच नाव येतं. इथला नियम आहे तो.”

गेमचे काम तेव्हा तीन वर्षे चालले होते आणि त्यातल्या जवळजवळ सगळ्या भिंती तिने पाहिल्या होत्या. तिने बँकेला नकार कळवला. मला त्या वेळी तिचे कौतुक वाटले. आज वाटत नाही, नुसते वाईट वाटते.

पुढचे महिने कसे गेले ते विचारू नका. गेम बाहेर पडायची तारीख जवळ आली तसे घरी जायचे भान कोणालाच राहिले नाही. तिच्या दुखऱ्या मनगटाला आधाराचा पट्टा आला. माझ्या दांडीवरचे रबर त्याच दिवसांत उडाले. आणि एक दिवस तिला पुलाखालची भिंत सापडली. दिसायला ती धडधाकट होती, पण एका विशिष्ट जागी पाठमोरी उडी मारली की वीर आरपार जाई आणि काळोखात पडतच राही. त्याला तळच नव्हता. खेळणाऱ्याची तोवरची सगळी मेहनत पुसली जाई. ही चूक तशीच बाहेर गेली असती, तर कंपनीची छी-थू झाली असती. तो पूल रचणारा निळ्या पट्टीचा माणूस स्वतः खाली आला, आमच्या खोलीत पहिल्यांदाच, आणि त्याने तिचा पट्टा बांधलेला हात हातात घेऊन आभार मानले. त्या दिवशी तिने फोनवर वडिलांना सांगितले की पाटी होत आली.

भिंत दुरुस्त झाली. गेममधल्या चुका संपत आल्या. आणि चुका संपल्या की चुका शोधणाऱ्यांचे काय काम? गरज सरो, वैद्य मरो. गेम बाहेर पडायला तीन आठवडे उरले असताना आमच्या खोलीतल्या सगळ्यांना एकत्र बसवून सांगण्यात आले की कंत्राटे पुढे वाढणार नाहीत. करड्या पट्ट्या टेबलावर ठेवायच्या होत्या. भिंतवालीने पट्टी काढली, तिची नीट घडी घातली आणि एकच प्रश्न विचारला.

“आणि नाव?”

प्रमुख टेबलाकडे बघत राहिला. “यादी वरून येते,” तो म्हणाला.

बँकेतली जागा केव्हाच भरली होती. तेलही गेले, तूपही गेले, म्हणतात ना, तसे झाले. आणि हाती आलेले धुपाटणे म्हणजे मी! दाराजवळ भंगाराच्या खोक्यात झिजलेले पॅड टाकले होते. तिने मला त्यातून उचलले आणि पहारेकऱ्याने बघून न बघितल्यासारखे केले. मालमत्ता म्हणून मिरवणारा मी असा भंगार होऊन तिच्या पिशवीतून बाहेर पडलो.

घरी तिने काम संपले एवढेच सांगितले. वडिलांना त्यात काही वावगे वाटले नाही. पाटी झाली की शिडी उतरायचीच, असे ते म्हणाले. नावाचे ती आज सांगू, उद्या सांगू करत राहिली. दरम्यान तिने कपड्यांच्या दुकानात बिले करण्याचे काम धरले. गेम बाहेर पडला, गाजला, रस्त्यारस्त्यावर त्याची चित्रे लागली. आणि एका सुट्टीच्या दिवशी वडील बाहेरून आले ते गेमचे पाकीट घेऊनच. ज्या दुकानाची पाटी त्यांनी तरुणपणी रंगवली होती, तिथूनच त्यांनी तो आणला होता, स्वतःचे ब्रश आणि शिडी विकून. आता चढायचे कुठे आहे, म्हणाले. गेम चालवायचे मशीन तिच्या मावसभावाचे मागून आणले होते.

गेम सुरू करताच नावे थेट बघायची सोय असते. तिने ती दाखवली नाही. ती पहिल्यापासून खेळायला बसली, सावकाश, जणू गेम संपूच नये. वडील खुर्ची ओढून शेजारी बसले. सवयीने ती वीराला भिंतीवर नेऊ लागली.

“सारखी भिंतीवर काय आपटतेस त्याला?”

“हेच तर काम होतं बाबा.”

पुलाखाली आल्यावर ती थांबली. तिने वीराला पाठमोरा केला आणि उडी मारली. वीर भिंतीला थडकून जागच्या जागी उभा राहिला. तिने पुन्हा उडी मारली, पुन्हा तेच. “इथे काही होत नाही ना, ते मी केलंय,” ती म्हणाली. वडिलांनी चष्मा पुसला, पडद्यापाशी जाऊन ती भिंत नीट निरखली आणि पक्की आहे म्हणाले. मग तिने आणखी एकदा उडी मारली.

पण गेम कितीही लांबवला तरी संपतोच. दुसऱ्या सुट्टीच्या दिवशी काळ्या पडद्यावर पांढरी नावे वर सरकू लागली. वडील उभेच राहिले. प्रत्येक ओळीवर बोट धरून ते वाचत होते, पण हाताला कंप आणि नावे पळती, त्यामुळे त्यांची धांदल उडत होती. माझे एक बटण दाबले की नावे भरभर पुढे जातात. तिचे बोट त्या बटणावर होते, पण तिने ते दाबले नाही. वरच्या मजल्यावरचे सगळे आले. पैसे लावणारे आले, त्यांचे वकील आले. टेस्टरांच्या जागी फक्त एजन्सीचे नाव होते. मग गेम बनत असताना कंपनीतल्या लोकांना झालेल्या बाळांची नावे आली, तशी या धंद्यात पद्धतच आहे. सगळ्यात शेवटी मालकाच्या कुत्र्याचे नाव आले, खाली त्याच्या पंजाचे चित्र. त्यानंतर पडदा काळा झाला.

“कुत्र्याचंही आहे,” वडील म्हणाले.

मला तिने इतके घट्ट धरले होते की माझे प्लॅस्टिक करकरले. वडील बराच वेळ त्या काळ्या पडद्याकडे बघत उभे होते. मग त्यांनी खुर्ची जागेवर ठेवली.

“अक्षरं सुबक आहेत,” ते म्हणाले आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेल्यावर त्यांनी मला खिडकीपाशी नेले. पाठीवरचा नंबराचा कागद नखाने खरवडून काढला. उजव्या कोपऱ्यातली तेलकट जागा पॉलिश कागदाने घासली, फडक्याने पुसली. शेजाऱ्याकडून चित्रकलेचा बारीक ब्रश आणला होता आणि डब्याच्या तळाशी उरलेला थोडा पांढरा रंग होता. ते तिचे नाव लिहायला बसले. पहिल्या अक्षराची रेघ वाकडी गेली. त्यांनी ती पुसली. पुन्हा लिहिली, पुन्हा पुसली. ज्या हाताने गावभर नावे लिहिली, त्याला एवढे एक लेकीचे नाव जमेना. शेवटी त्यांनी रंगाचा डबा झाकला आणि म्हातारा माणूस खिडकीत एकटाच रडला. मी सोडून कोणी पाहिले नाही.

संध्याकाळी तिने मला उचलले, घासलेली जागा पाहिली आणि त्यांच्याकडे पाहिले.

“प्लॅस्टिकवर रंग धरत नाही गं,” ते म्हणाले.

त्यांनी आयुष्यभर पत्र्यावर, काचेवर, प्लॅस्टिकवर अक्षरे लिहिली होती, हे तिला ठाऊक होते.

“असू दे बाबा,” ती म्हणाली.

आता मी कपाटाच्या खालच्या कप्प्यात असतो. मला हात लावायला कोणी येत नाही, त्याची मला तक्रार नाही. तुमच्याकडे एकच मागणे आहे. माझ्या भावंडांना आपटू नका, हे तर आहेच. पण गेम संपून नावे सरकू लागली की बटण दाबून ती पळवू नका. जमेल तेवढी वाचा. आणि नावे संपून पडदा काळा झाला की लगेच उठू नका, घडीभर थांबा. ज्या भिंतींनी तुम्हाला काळोखात पडू दिले नाही, त्या कोणीतरी तपासल्या होत्या. ती माणसे त्या काळ्या पडद्यावर आहेत.