लाल पाण्याचा धनी

खुशालराव रंगाऱ्याचा एकच अभिमान होता आणि तो त्याच्या अंगात मावत नसे. आपल्या हातचं लुगडं विरून त्याच्या चिंध्या होतील, पण रंग जायचा नाही, असं तो सांगायचा. बडनेऱ्याच्या बाजारात बसला की गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत लुगड्याचा पदर ओला करून स्वतःच्या पांढऱ्या धोतरावर खसाखसा घासून दाखवायचा. धोतराला डाग पडत नसे. मग तो आजूबाजूला असं काही पाहायचा, की लुगडं न घेणाऱ्यालाही आपलंच काही चुकलं असं वाटावं.

त्याचा बाप आल नावाच्या झाडाच्या मुळ्या कुटून लाल रंग काढायचा. त्यात माणसाचा घाम निघे. पुढे वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलं गेलं, आगगाडीने मुंबईचा माल झपाट्याने यायला लागला आणि त्यात जर्मन रंगाचे डबे आले. चिमूटभर भुकटीत कढईभर पाणी लालभडक. खुशालरावाने बापाचं उखळ बायकोला, जमुनेला, मिरच्या कुटायला दिलं आणि बडनेऱ्याजवळच्या आपल्या खेड्यात नाल्याच्या काठी मोठी भट्टी घातली.

त्या नाल्याच्या खालच्या अंगाला माणिकबाई माळणीचा मळा होता. मुळे, वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर, थोडी शेवंती. माणिकबाई दर बाजाराच्या पहाटे नाल्यात भाजी धुऊन टोपली भरायची. एका पहाटे तिने पांढरेशुभ्र मुळे पाण्यात घातले आणि ते गुलाबी होऊन बाहेर आले. तिने पुन्हा धुतले, तर आणखी गुलाबी झाले.

बाजारात त्या मुळ्यांची फार थट्टा झाली. कुणी विचारलं, मुळे रंगपंचमी खेळून आले का? एका म्हातारीने मुळा हातात घेऊन, हा कच्चा खायचा की कपाळाला लावायचा, असं विचारलं. माणिकबाईने भरलेली टोपली तशीच परत आणली, ती घरी न नेता थेट खुशालरावाच्या भट्टीवर उतरवली आणि त्याला शांतपणे सांगितलं, की भाऊ, तुमचं लाल पाणी माझ्या मळ्यात येतंय, त्याचं काहीतरी पाहा.

इथे खुशालरावाने "पाहतो" म्हटलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. पण भट्टीवर चार गिऱ्हाइकं बसलेली होती. रंग पाण्यात उतरला म्हणजे तो कच्चा, असा अर्थ ती काढतील या भीतीने त्याच्या तोंडून भलतंच निघून गेलं.

"ते पानी माहं नाई. माहा रंग उतरतच नाई."

"मंग कोनाचं हाये?"

"वरच्या अंगाची माती लाल हाये," खुशालराव म्हणाला.

सबंध वऱ्हाडात जिकडे पाहावं तिकडे काळीभोर जमीन. गिऱ्हाइकांनी एकमेकांकडे पाहिलं. माणिकबाईने टोपली डोक्यावर घेतली आणि निघता निघता एवढंच सांगितलं, की पुढच्या बाजाराच्या आदल्या दिवशी वामनराव पाटलांना आणि चार शहाण्या माणसांना नाल्यावर आणते, लाल माती कुठली ती तेच ठरवतील.

खुशालरावाला त्या दिवशी भाकर गोड लागली नाही. भट्टी बंद ठेवावी तर लग्नसराईची लुगडी अडकत होती. चालू ठेवावी तर पाटलांपुढे नाला लाल वाहणार होता. उरला एकच मार्ग. भट्टी चालली पाहिजे आणि पाणी नितळ गेलं पाहिजे, आणि तेही कुणाला न कळता.

दुपारी गाव आडवं झालं की तो कामाला लागायचा. आधी त्याने तुरटी टाकून पाहिली. गढूळ पाणी तिने निवळतं, तेव्हा लालही निवळेल असा त्याचा हिशेब. पाणी फक्त जास्त तजेलदार दिसायला लागलं. मग नाल्यातली वाळू भरून तिच्यातून पाणी गाळलं, पण वर लाल ओतलं तर खाली लालच आलं. मग ज्वारीचा भुसा घातला. भुशाने थोडा रंग धरला खरा, पण तो वाहत खाली गेला, आणि दुसऱ्या दिवशी माणिकबाईच्या बांधाला लाल भुशाची रांगोळी लागली. तिने ती चिमूट चिमूट गोळा करून फडक्यात बांधून ठेवल्याचं जमुनेने त्याला मुद्दाम सांगितलं.

तेव्हा त्याची नजर घरातल्या मडक्यांवर गेली. पटकीच्या साथीत डॉक्टरने गावाला शिकवलेली एकावर एक ठेवायची मडकी होती ती. वरच्यात वाळू, मधल्यात कोळसा, खालच्यात प्यायचं स्वच्छ पाणी. जमुनेचा त्यांच्यावर फार जीव. ती शेजारी गेलेली पाहून खुशालरावाने मधलं मडकं उचललं, भट्टीवर नेलं आणि त्यात तांब्याभर लाल पाणी ओतलं.

मडक्याच्या बुडाच्या भोकातून थेंब यायला लागला. खुशालराव त्याच्याखाली हात धरून बसला. तळहातावर पडलेलं पाणी नितळ होतं. त्याने हात धोतराला पुसला, पुन्हा धरला. पुन्हा नितळ. वरून कितीही लाल ओता, कोळसा रंग पोटात ठेवून पाणी तेवढं सोडून देत होता. त्या आनंदात त्याने मडक्याला नमस्कार केला आणि वर मान केली तर दारात जमुना उभी.

"माहं मडकं," जमुना म्हणाली. पुढचं ती काय काय म्हणाली ते इथे सांगण्यासारखं नाही. त्या दिवसापासून खुशालरावाला घरचं पाणी प्यायला मिळालं नाही, तो विहिरीवर जाऊन पीत असे.

पण आता त्याला कशाचीच पर्वा नव्हती. मडकंभर कोळशाने भट्टीचं पाणी थोडंच निवळणार होतं. त्याने शेताशेतातून कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या मागून आणल्या, खड्ड्यात पेटवल्या, वरून माती लोटून कोंडल्या आणि दोन दिवसांनी कोळसा उकरला. तो ज्वारीएवढा बारीक फोडला, धुतला आणि भट्टीच्या पाण्याच्या वाटेवर चर खणून त्यात ठासून भरला. लोकांनी विचारलं तर घरी मोठं जेवण आहे म्हणून सांगायचा. लोक आमंत्रणाची वाट पाहायला लागले. कोळशाने तो इतका काळा झाला होता, की एका गिऱ्हाइकाने त्याच्याचकडे खुशालराव कुठे आहेत म्हणून चौकशी केली.

ठरल्या दिवशी वामनराव पाटील आले, चार शहाणे आले, आणि बोलावणं नसताना निम्मं गाव आलं. माणिकबाई फडक्यातला भुसा घेऊन पुढे होती. भट्टीवर लाल कढया रटरटत होत्या आणि खाली नाला झऱ्यासारखा नितळ वाहत होता.

कुणीतरी हसलं, मग सगळेच. कुणी माणिकबाईला मेंदीच्या हाताने मुळे धुतले होते का म्हणून विचारलं, कुणी डोळे दाखवून घ्यायला सांगितलं. जिच्या तोंडाला बाजारातले दलाल भीत, ती माणिकबाई भुशाचं फडकं पदराआड सारून पाण्याकडे पाहत राहिली.

खुशालराव जिंकला होता. पण त्याला काही केल्या बरं वाटेना. एक तर बाईची मान खाली गेलेली त्याला पाहवेना. आणि खरं सांगायचं तर त्याहून मोठं दुखणं दुसरंच होतं. आयुष्यात केलेली सर्वांत मोठी करामत त्याच्या पायाशी चरात पडली होती आणि तिच्याविषयी त्याला चकार शब्द काढता येत नव्हता. तो दात आवळून उभा राहिला. राहिलाही असता, पण निघताना पाटलांचा पाय चराला अडखळला.

"हा कोळसा काहून सांडला इथं?" पाटील म्हणाले. "उचल तो. घान दिसते."

"घान?" खुशालरावाचा आवाज चिरकला. "पाटील, ते घान नाई. त्या कोळशानं तुमचा नाला धुऊन काढला!"

मग त्याला कुणी थांबवू शकलं नाही. त्याने कढईतलं लालभडक पाणी तांब्याने काढलं, टोपलीभर कोळशावर ओतलं आणि खालून ठिबकणारं पाणी प्रत्येकाच्या हातावर घातलं. पाटलांनी ते हुंगलं आणि पुन्हा करून दाखवायला सांगितलं. त्याने पुन्हा केलं. तुरटी, वाळू, भुसा, जमुनेचं मडकं, सगळं सांगितलं. बोलता बोलता माणिकबाईचा चेहरा समोर आला तेव्हा आपण काय कबूल केलं ते त्याच्या ध्यानात आलं.

"म्हंजे पानी तुमचंच व्हतं," माणिकबाई म्हणाली.

खुशालरावाने तांब्या खाली ठेवला.

"व्हय, माहंच व्हतं," तो म्हणाला. "पन रंग कच्चा नाई, माणिकबाई. कापडानं पेला तेवढा पेला, उरला तो कढईत रायला. जो कापडाले लागलाच नाई त्याले कच्चा कसं म्हनाव?"

माणिकबाईने थोडा विचार केला. बोलणं खरं होतं. गिऱ्हाइकांनीही माना डोलावल्या.

"हे मले पयल्याच दिवशी काहून नाई सांगतलं?"

उत्तर मागून जमुनेने दिलं. "तवा त्यायले सुचलंच नाई. सुचलं असतं तं माहं मडकं वाचलं असतं."

त्यावर मात्र माणिकबाईसुद्धा हसली. पाटलांनी सांगितलं, की चर तसाच राहू दे, आणि खुशालने माणिकबाईचे वाया गेलेले मुळे भरून द्यावे. खुशालराव मुळे विकत आणायला गेला तर बाजारात चांगले मुळे माणिकबाईचेच होते. शेवटी जमुनेने तिला एक लुगडं दिलं. माणिकबाईने त्याचा पदर सगळ्यांसमोर स्वतःच्या पांढऱ्या पोलक्यावर घासून पाहिला आणि मगच घेतलं.

एवढं झालं तरी कोळशाचीही एक हद्द असते. पोट भरलं की तो रंग घेईनासा होतो आणि पाणी पुन्हा गुलाबी झाक मारायला लागतं. तशी झाक दिसली की माणिकबाई बांधावर उभी राहून हाक मारायची आणि खुशालराव मुकाट्याने चर उपसून नवा कोळसा भरायचा. भरलेला जुना कोळसा वीटभट्टीवाला नेत असे. पुढे पऱ्हाट्या जाळायचा कंटाळा येऊन त्याने बडनेरा स्टेशनातून इंजिनाची फुकट राख गाडीभर आणली आणि चरात लोटली. त्या दिवशी नाला लाल नाही, काळाकुट्ट वाहिला.

माणिकबाईने हाक मारली नाही. ती स्वतःच भट्टीवर आली, कढईशेजारी पाट ओढून बसली आणि राख उपसून होईपर्यंत उठली नाही. जमुनेने तिला चहा करून दिला. खुशालरावाला दिला नाही.