पावसाची बावीस नावे

मोबाइलच्या उजेडात चंदनबालाबाईंनी काचेमागची चिठ्ठी तिसऱ्यांदा वाचली, मग चष्मा पुसून चौथ्यांदा.

‘पावसाची नावे. निवेदन: एक अनामिक शेतकरी स्त्री, आष्टा परीसर, १९८७. संकलन: प्रा. उदयसिंह माने.’

‘परिसर’मधली वेलांटी दीर्घ छापली होती. सदतीस वर्षे पचलेल्या चोरीला शुद्धलेखन तपासायची सवड मिळाली नव्हती, एवढाच त्याचा अर्थ.

वास्तविक या वेळी त्या पाचगणीत असायला हव्या होत्या. सांगलीहून निघताना भाचा आर्जव आणि त्याची बायको प्रीती यांनी आत्याला तीन दिवसांची थंड हवा कबूल केली होती. घाटात दरड आली, वाहने साताऱ्यातच थांबवली गेली, आणि लॉजच्या मॅनेजरने ‘छपराखाली बघण्यासारखं’ म्हणून या खासगी संग्रहालयाचा पत्ता दिला. पाहुणे पावसाला कंटाळल्याखेरीज इतिहासाकडे वळत नाहीत, हे मॅनेजरला ठाऊक असावे. ते आत शिरले आणि दहा मिनिटांत वीज गेली. आर्जव-प्रीती दाराशी जाऊन घाटाची खबर काढत बसले. चंदनबालाबाई एकट्याच बोलींच्या दालनात आल्या.

“लाइट आली की ते बटन दाबा, बाई. आवाज येतोय त्यात,” स्टुलावर बसलेला राखणदार म्हणाला. त्याचे नाव गुंडा, गाव म्हसवड. आमच्यात पाऊस न्हाई आन् हितं उघडीप न्हाई, ही तक्रार त्याने तिकीट फाडतानाच ऐकवली होती.

“ही स्त्री अनामिक नाही,” चंदनबालाबाई म्हणाल्या. “सुंद्राबाई आदगोंडा पाटील. माझी आई.”

गुंडा उभा राहिला. “आवं, मग आंदी सांगायचं की! तिकीट कशाला काढलं?”

“अभिप्रायाची वही आहे?”

वही होती. शेवटचा अभिप्राय होता, ‘छान. संडास स्वच्छ ठेवावेत.’ त्याखाली चंदनबालाबाईंनी लिहायला सुरुवात केली आणि पान भरत गेले.

हा मजकूर त्यांना पाठ होता. एम.ए.ला असताना त्यांनी उसन्या टेपरेकॉर्डरवर, आष्ट्याच्या घराच्या सोप्यात बसून आईचा आवाज भरून घेतला. ती एकुलती कॅसेट त्यांना शिकवणाऱ्या माने सरांनी दोन दिवसांसाठी मागून नेली. पुढच्या उन्हाळ्यात आई गेली आणि त्याच वर्षी सरांचा निबंध छापून आला. त्यात पावसाची दोनच नावे होती. उरलेली वीस सरांनी आळसाने गाडली, हे चंदनबालाबाई तेव्हापासून प्रत्येक व्याख्यानात सांगत आल्या होत्या. पहिल्या काही व्याख्यानांत त्या ‘पंधरा-वीस नावे’ म्हणत. पुढे आकडा बावीसवर स्थिर झाला आणि मग हलला नाही. ती नावे कोणती, असे एकदा एका विद्यार्थिनीने विचारले होते. “तीच तर चोरीला गेली,” असे त्या म्हणाल्या आणि सभागृह हळहळले.

त्यांनी लिहिले: ‘सदर ध्वनिफितीत माझ्या मातोश्रींनी सांगितलेली पावसाची बावीस नावे आहेत. संकलक मी आहे. फितीवरील दुसरा आवाज माझा आहे. शंका असल्यास ऐकून खात्री करून घ्यावी.’ खाली पूर्ण नाव, पदवी, पत्ता.

वीज आली. काचेखालचे तांबडे बटण पेटले.

त्यांनी पदर सारखा केला, जणू कुणासमोर जायचे होते, आणि बटण दाबले. आधी पत्र्यावरचा पाऊस ऐकू आला. मग, अगदी कानाशी, आई.

“बुरंगाट म्हंजे कसं हाय बघ, दिसत न्हाई, पर लुगडं भिजतंय. आन् शिरवं आलं की नाई—”

“अव्वा, ‘हाय’ काय? ‘आहे’ म्हण. ‘न्हाई’ नको, ‘नाही’. विद्यापीठात ऐकणार आहेत हे. पुन्हा सांग.”

आवाज तरुण होता, स्वच्छ होता, एकही अक्षर गिळत नव्हता.

“बुरंगाट म्हणजे... दिसत नाही. परंतु...” आई अडखळली. “व्हय गं, लुगड्याला तिकडं काय म्हनत्यात?”

“साडी.”

पाऊस वाजत राहिला.

“तूच सांग की बाई. तुला नीट येतंय.”

त्यानंतर पाऊस. चंदनबालाबाई तशाच उभ्या राहिल्या. पाऊस. त्यांनी बटण पुन्हा दाबले, पुन्हा ऐकले, आणि पुन्हा त्याच जागी पाऊस लागला.

“पुढचं कापलंय,” त्या म्हणाल्या. “पुढे बरंच होतं. पुढचं कुठंय?”

“न्हाई वो, आख्खी हाय. आली तशीच चढवली हितल्या सायबांनी. पुढं अर्धा तास नुस्ता पाऊसच हाय.” गुंडा जरा लाजला. “झाडलोट करताना लावतो मी. आमच्याकडं असा कवा पडतोय?”

त्यांनी बटणावरचा हात काढला.

“तुमची आई लय ग्वाड बोलत्या बगा. पर ती दुसरी कोन वो? आमी समदी तिला मास्तरीनच म्हनतो. लोकं हसत्यात तिला. आईला बोलूच दीना की!”

चंदनबालाबाई वहीकडे गेल्या. स्वतःचा मजकूर त्यांनी वाचला. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. पेन हातात घेतले. मग ‘बावीस’ या शब्दावर सरळ रेघ मारून वर बारीक अक्षरात लिहिले, ‘दोन’. ‘संकलक मी आहे’ हे वाक्य त्यांनी पूर्ण खोडले. ‘फितीवरील दुसरा आवाज माझा आहे’ हे पुढचे वाक्य तसेच राहू दिले.

दाराशी आर्जव मोबाइल खिशात घालत होता. “आत्या, एका बाजूने सोडतायत म्हणे गाड्या. निघू या. छत्री काढू, की थांबलाय पाऊस?”

त्यांनी उंबऱ्याबाहेर हात धरला. रस्ता मोकळा, समोरच्या पेढ्यांच्या दुकानाची पाटी स्पष्ट, हवेत काही नाही. थोड्या वेळाने मनगटावर आलेला साडीचा पदर भिजून हाताला चिकटला.

“काय म्हणता आत्या, पडतोय का?” प्रीतीने विचारले.

“दिसत न्हाई,” त्या म्हणाल्या.