बद्द वाजलेली बरणी

आमची बडबडी पहिल्यांदा पोटुशी होती, त्या वर्षीची ही गोष्ट. बडबडी म्हणजे माझी पुतणी, वहिनींची एकुलती एक. सातवा महिना लागला तशी ती माहेरी आली आणि घरात दिवसभर रेडिओ लावल्यासारखं झालं. दादा जाऊन तोवर बरीच वर्षं लोटली होती. दुकान वहिनी आणि मी मिळून चालवत होतो. पुढच्या खोलीत फळ्यांवर बरण्या, मागच्या खोलीत दोन शेगड्या आणि माणूस बसेल एवढी पातेली.

भाज्या नि फळं काचेच्या बरण्यांत भरायची, पत्र्याची झाकणं आवळायची आणि बरण्या पाण्यात बुडवून उकळत ठेवायच्या, हा आमचा धंदा. पण खरं काम बरण्या गार झाल्यावरचं, आणि ते वहिनींचं. त्या प्रत्येक झाकणावर चमच्याची दांडी आपटायच्या. माल चांगला असेल तर झाकण टण्ण वाजतं, आणि उघडताना सूं करून हवा आत ओढतं. आत काही कुजायला लागलं असेल तर झाकण सैल पडतं आणि बद्द वाजतं. बद्द वाजलेली बरणी वहिनी उंबऱ्याच्या आत ठेवायच्या नाहीत. मिठाच्या पाण्यातल्या हिरव्या शेंगांच्या बाबतीत तर त्या फारच कडक.

"नासलेल्या शेंगेला वास येईलच असं नाही, भाऊजी. चव पण बदलत नाही. गरीब तोंड करून बसते आणि माणूस घेऊन जाते," असं त्या सांगायच्या.

त्या वर्षी एका रविवारी गावाच्या मैदानावर खाद्यमेळा भरला. देशोदेशीचे लोक अन्न कसं टिकवतात, ते मांडून दाखवायचं होतं. मी सकाळी एक फेरी मारून आलो. कुठे मिठात मुरवलेली लिंबं, कुठे धुरावर काळे केलेले मासे, कुठे मडक्यात आंबवलेला कोबी, तर कुठे राखेत पुरलेली अंडी. एका मांडवात वाळवलेलं मांस दोरीवर कपड्यांसारखं टांगलं होतं. लोक हसत होते, बोटं चाटत होते. मला मात्र सगळीकडे एकच गोष्ट दिसली. हे सगळं घाबरलेल्या माणसांनी शोधून काढलं होतं. हिवाळा येईल, दुष्काळ येईल, पोरं उपाशी मरतील, या धास्तीने कुणीतरी पहिल्यांदा मासा धुरावर धरला असेल.

मेळ्यात विस्तव पेटवायची बंदी होती. घरी आम्ही बरणीतल्या शेंगा पुन्हा खळखळ उकळूनच खायचो. इथे त्या गारच पावावर घालून द्यायच्या होत्या. मला ते बरं वाटत नव्हतं.

"वहिनी, शेंगांऐवजी आंबट फळं नेऊ या का? ती गार खाल्ली तरी धोका नाही."

"फळं काय, कुणीही करतं," त्या म्हणाल्या. "एकेक बरणी वाजवून घेतलीय मी. तुम्ही टेबलाचा पाय बघा, तो तुमच्यासारखाच लटपटतोय."

दुपारी गर्दी वाढली. विहीणबाई, म्हणजे बडबडीच्या सासूबाई, नटूनथटून आल्या आणि मांडवापुढच्या खुर्चीवर बसल्या. पहिल्या दोन बरण्या बडबडीने उघडल्या होत्या, त्या संपल्या. तिसरी वहिनींनी उघडली. आमच्याकडे उघडेल त्याने पहिला घास खायचा, मग दुसऱ्याला द्यायचा. वहिनींनी चमचाभर शेंगा तोंडात टाकल्या, दुसरा चमचा पावावर घालून लेकीच्या हातात दिला आणि पुढचा पाव घेतला.

तेवढ्यात शेजारच्या मांडवात ताटांची चळत कोसळली. शंभरेक स्टीलची ताटं असतील. सगळं मैदान दचकलं. एक मूल रडायला लागलं. बडबडीने पोटावर हात ठेवला. विहीणबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. वहिनी पावावर शेंगा घालत होत्या. त्यांची पापणीही हलली नाही.

मी वहिनींकडे बघत राहिलो. तरी मनाला म्हटलं, कामात गुंग असतील. मी त्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणालो, "वहिनी, तुमच्या पाठीवर पाल आहे."

पाल भिंतीवर दिसली तरी शेजाऱ्यांना हाका मारणारी ही बाई. तिने शांतपणे पावावर शेंगा पसरल्या आणि तो गिऱ्हाइकापुढे केला.

मी तो पाव हवेतच पकडला. मग बडबडीकडे वळलो. तिच्या तोंडात घास होता. मी तिचा जबडा धरला आणि तान्ह्या पोराच्या तोंडातली माती काढावी तसं बोट घालून सगळं बाहेर काढलं.

"थुंक! गिळू नकोस! थुंक!"

"अहो, हे काय चाललंय?" विहीणबाई ओरडल्या. "पोटुशी आहे ती! वेड लागलं की काय तुम्हाला?"

मी चमचा उचलला आणि न उघडलेल्या बरण्या वाजवायला लागलो. टण्ण. टण्ण. टण्ण. बद्द.

पुन्हा वाजवली. बद्द.

बडबडी पांढरीफटक पडली. "काका, तिसरी आईने उघडली तेव्हा सूं आवाज आला नव्हता. पहिल्या दोन्हींचा आला होता. मला वाटलं, गोंगाटात ऐकू आला नसेल."

वहिनी माझ्या हातातल्या चमच्याकडे बघत होत्या. त्यांना आवाज येत नव्हता, आमची तोंडं दिसत होती. तेवढं त्यांना पुरलं.

मी त्यांच्यासमोर उभा राहून सावकाश विचारलं, "कधीपासून ऐकू येत नाही?"

"दोन वर्षं झाली असतील. हळूहळू गेलं," त्या म्हणाल्या. "बोटाला कळतं हो, भाऊजी. झाकण थरथरतं ते बोटाला कळतं." मग विहीणबाईंकडे नजर टाकून आवाज खाली आणला. "कान गेला असं सांगितलं असतं तर हे काम कुणी ठेवलं असतं माझ्याकडे? तुम्ही तरी ठेवलं असतं का?"

"तुम्ही त्यातलं खाल्लंत."

"नाही. ताटं पडली ना, तेव्हाच थुंकले."

ताटं पडलेली त्यांना कशी कळली, हे विचारायला हवं होतं. पण बडबडी रडत होती, विहीणबाई तिला ओढून गाडीकडे नेत होत्या, आणि मला ते खरं मानायचं होतं. "तुम्ही जा," वहिनी म्हणाल्या. "पोरीला आधी दाखवा. इथलं मी आवरते. एकही बरणी कुणाला देत नाही, लेकीची शपथ."

दवाखान्यात डॉक्टरांनी बडबडीच्या घशात बघितलं, डोळ्यांवर उजेड टाकला. "एक-दोन दिवस नजर ठेवा. पापण्या जड झाल्या, जीभ अडखळली, गिळता येईना, तर धावत या. आणखी कुणी खाल्लंय?"

"आईने तोंडात घातलं होतं, पण थुंकलं म्हणते," बडबडीने सांगितलं.

"तरी त्यांना घेऊन या."

वहिनी काही आल्या नाहीत. घरी पोचलो तर त्या मोरीत बरण्या रिकाम्या करत होत्या, घटाघट पाणी पीत होत्या. दवाखान्यात चला म्हटलं, तर "मला काय धाड भरलीय?" म्हणाल्या. मग लेकीसमोर बसल्या आणि तिच्या डोळ्यांकडे बघत राहिल्या. मीही तेच करत होतो. बडबडी गप्प झाली की आम्ही दोघं तिला बोलायला लावायचो. जन्मभर तिला गप्प बस म्हणणारी माणसं आम्ही. "बोल गं काहीतरी," वहिनी म्हणायच्या, आणि ती बोलायची, तेव्हा तिच्या ओठांवर नजर लावून बसायच्या. तिला नीट बोलता येतंय का, ते बघत होत्या की ती काय बोलतेय ते, हे मला कळेना.

सोमवारी सकाळी वहिनींनी चहा गाळला. तो कपात न पडता कपाशेजारी पडला, ओट्यावरून खाली ओघळला. त्या ओततच राहिल्या.

"वहिनी!"

मी त्यांचा हात धरला तेव्हा त्यांनी वर पाहिलं. डावी पापणी अर्ध्यावर आली होती.

"तुम्ही दोन दिसताय, भाऊजी," त्या म्हणाल्या. जीभ जड होती. "एकानेच काय कमी वैताग दिला होता?"

"गिळलं होतंत ना?"

माझे ओठ त्यांना दोन-दोन दिसत असतील. तरी प्रश्न कळला. त्यांनी होकाराची मान हलवली. मग बडबडीच्या खोलीकडे बोट केलं. मी म्हणालो, "ती ठीक आहे. मघापासून डोकं खातेय माझं." ते वाक्य मला तीनदा म्हणावं लागलं.

या विषावरचं औषध आमच्या दवाखान्यात नव्हतं. ते मोठ्या शहरातून यायला मंगळवारची संध्याकाळ झाली. तोवर वहिनींना घोटभर पाणीही गिळता येत नव्हतं, आणि श्वास यंत्रावर चालला होता. बडबडी खाटेशी बसून आईचा हात आपल्या गळ्यावर धरून बोलत होती, सारखी बोलत होती. वहिनींची बोटं तिच्या गळ्यावर होती.

पुढे दोन महिन्यांनी बडबडीला मुलगी झाली. दोघी सुखरूप. मेळ्यात आमच्याकडचं खाल्लेल्या बाकी कुणालाही काही झालं नाही.

वहिनी मेळ्यानंतरच्या बुधवारी, दुपारी वारल्या.