सातवीतून काढलेला

दोष रुपरावांचा आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मध्येच कोणी "मोठ्या माणसाबद्दल असं बोलू नये" म्हणत मला गप्प करायला नको. मोठ्या माणसांबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून तर ते मोठे राहतात.

मी सात नंबर बोलतोय. गोल्फची काठी, लोखंडी डोक्याची. आमची शाळा तिसरीपासून नववीपर्यंत. ज्याचा आकडा लहान, त्याचा चेंडू लांब. मी सातवीत. फार लांबचा नाही, फार जवळचा नाही, म्हणून शिकणाऱ्याच्या हाती पहिल्यांदा मलाच देतात. जगातल्या सगळ्या कच्च्या चुका सात नंबरवर गिरवल्या जातात. पुढे हात बसला की मग कौतुकाला दुसरे हजर.

त्या पटरचंच बघा. चेंडू भोकाजवळ आला की त्याला हळूच ढकलणारी काठी. कधी चिखलात गेला नाही, कधी दगडावर आपटला नाही. डोक्याला मखमलीची खोळ. चेंडू भोकात पडतो तेव्हा हातात तो असतो, म्हणून टाळ्या त्याला. आणि तो ड्रायव्हर, सगळ्यात लांब मारणारी जाड डोक्याची काठी, मेच्या नागपुरी उन्हातही लोकरीची टोपी घालून बसलेला. मी उघड्या डोक्यानं पिशवीत उभा असायचो आणि या दोघांकडे बघून जळायचो. खोटं कशाला सांगू.

मी घडीव लोखंडाचा. घडीव हा शब्द ऐकायला भारी वाटतो, अर्थ मात्र एवढाच, की मी मऊ आहे. ओतीव लोखंड वाकवायला गेलं तर तुटतं. तुटण्यात निदान इज्जत आहे. मी वाकतो.

आमचा पहिला मालक कोणी साहेब होता. बदली झाली, सामान बांधायचा कंटाळा आला, म्हणून जाताना त्यानं अख्खी पिशवी रुपरावांना देऊन टाकली. रुपराव तेव्हा नुकतेच निवृत्त झालेले अभियंता. जन्मभर रामटेककडचे कालवे आखले. पाणी कुठून कुठं जाईल हे त्यांना कागदावर दिसायचं. चेंडू कुठून कुठं जातो ते मात्र डोळ्यांसमोर असून दिसलं नाही. रोज सकाळी चंपतराव नावाच्या मित्राबरोबर मैदानावर जायचे, चार चेंडू झुडपात घालवायचे आणि चहा पीत दुसऱ्यांच्या चुका सांगायचे. निवृत्त माणसांचा हा सगळ्यात आवडता खेळ. गोल्फ त्यानंतर.

मग त्यांनी धाकट्या भावाच्या मुलीला मैदानावर आणलं. भूमिका. पंधरा वर्षांची, लांब हातांची, वेणी टोपीतून बाहेर काढलेली. तिनं मला उचललं, डोक्यावरची धूळ ओढणीनं पुसली आणि मूठ आवळली. त्या मुठीत मी जेवढा मावलो तेवढा कुठल्याच पिशवीत मावलो नव्हतो. काही महिन्यांत तिच्या डाव्या हाताला करंगळीखाली घट्टा पडला. तो माझा घट्टा. मी पाडलेला. हे लक्षात ठेवा.

घरी रुपरावांचा हुकूम झाला होता: विदर्भाच्या ज्युनियर संघात निवड झाली तर खेळायचं, नाही तर बारावीचा अभ्यास आणि काठ्या माळ्यावर. भूमिकाचे वडील बोलले नाहीत. त्या घरात धाकटा भाऊ बोलत नसतो, "दादा म्हणतात ना" एवढंच म्हणतो. म्हणजे ती निवडली गेली नाही, तर तीही गेली आणि मीही गेलो.

आणि शिकवणारे कोण, तर रुपराव.

फार पूर्वी कोणा जाणत्या माणसानं त्यांना सांगितलं होतं, "आतून मारा." एवढेच दोन शब्द. रुपरावांनी त्याचा अर्थ विचारला नाही. विचारायचं म्हणजे आपल्याला कळलं नाही हे कबूल करायचं. त्यांनी मनाशी ठरवलं की आतून म्हणजे पोटातून, जीव लावून, जोरात. तेच त्यांनी भूमिकाच्या कानात ओतलं.

"आतून मार वं, आतून! सकाळी जेवली नाही का?"

ती बिचारी आणखी जोर लावायची. जोर लावला की तिचा उजवा खांदा आधी पुढे फेकला जायचा, आणि मी खाली येताना बाहेरच्या बाजूनं यायचो. दार समोर उघडं असताना कोणी कुंपणाला वळसा घालून यावं तसा. चेंडूला सरळ धक्का बसायचा नाही. मी त्याला कापत तिच्या पायांकडे ओढला जायचो. चेंडू निघायचा बरा आणि मग उजवीकडे वळत वळत झाडांत. केळ्यासारखा बाक. जितका जोर जास्त, तितकं केळं मोठं. चंपतराव बाकावरून म्हणायचे, "रुपराव, पोरगी गोल्फ शिकून राहिली का केळीची बाग लावून राहिली गा?"

हे रुपरावांना लागलं. पोरीचं चुकतंय याचं नाही, चंपतराव हसले याचं.

माणसाला आपली शिकवण चुकली असं वाटत नाही. तसं वाटेपर्यंत तो जगातलं बाकी सगळं वाकवून बघतो. रुपरावांनी ठरवलं, पोरीचा हात बरोबर आहे, काठीच वाकडी असणार. कोणाला न सांगता मला पेपरात गुंडाळून स्कूटरवर पायांशी ठेवलं आणि इतवारीत भांडीवाल्यांच्या गल्लीतल्या एका दुकानात नेलं. तिथल्या माणसानं मला शिकंज्यात आवळलं.

"किती वाकवू जी?"

"थोडंसं. तोंड डावीकडे झालं पायजे."

त्यानं नळी चढवून माझी मान पिरगळली. मी ओतीव असतो तर तिथंच तुटलो असतो आणि गोष्ट संपली असती.

दुसऱ्या दिवशी भूमिकानं मला फिरवलं. तीच चूक, तोच बाहेरून येणारा वळसा. पण माझं तोंडच आता डावीकडे, त्यामुळे चूक आणि वाक यांनी एकमेकांना खाल्लं आणि चेंडू बराचसा सरळ गेला. चंपतराव चहा विसरले. रुपरावांनी पेढे वाटले. भूमिका मला छातीशी धरून म्हणाली, "माझा सात." बाकीच्या काठ्यांनी ती केळीच लावत होती, पण रुपराव म्हणायचे, त्यांचा सराव कमी आहे.

ते वर्ष माझं होतं. पिशवीतून सगळ्यात आधी मी निघायचो. ड्रायव्हर टोपीखाली घुम्यासारखा बसलेला, पटर खोळीत धुमसणारा. त्या वर्षीच्या खंडेनवमीला तिच्या मोठीआईनं, म्हणजे रुपरावांच्या इंदूबाईंनी, पाटावर काठ्या मांडल्या, तेव्हा भूमिकानं हळदीकुंकू पहिल्यांदा मला लावलं, मग घरातल्या कात्रीला, मग बाकीच्यांना. खोट्यावर मिळालेलं प्रेम होतं ते. मला चाललं असतं. जन्मभर चाललं असतं.

मग विहंग आला. मैदानावर शिकवायला नवा लागलेला, काटोलकडचा, वयानं भूमिकापेक्षा फार मोठा नसेल. त्यानं तिचे सहा-सात चेंडू पाहिले आणि डोकं खाजवलं. सहा नंबरनं केळं, आठ नंबरनं केळं, सातनं सरळ. असं कसं होऊन राहिलं, म्हणाला. पण आधी हात दुरुस्त करू, मग बाकीचं पाहू.

घरून आणलेली संत्र्याची एक लाकडी पेटी त्यानं चेंडूच्या पलीकडच्या बाजूला ठेवली, थोडी मागं. बाहेरून आलीस तर पेटीला लागेल, म्हणाला. आतून ये.

भूमिकानं दात आवळले, पोटात श्वास भरला आणि जीव खाऊन फिरवलं. मी थेट पेटीच्या फळीवर. खिळे निघाले, मला कळ गेली.

"जोर कशाले लावतेस?" विहंग म्हणाला.

"तुम्हीच तर म्हणाले, आतून."

तो आधी हसला, मग तिचं तोंड पाहून थांबला. "आतून म्हणजे आतल्या बाजूनं. तुझ्या अंगाच्या बाजूनं. पोटातून नाही."

ती पेटीवर बसली. दोन वर्षं एका शब्दाच्या मागं ती चुकीच्या गल्लीत धावत होती. बाकावर रुपराव पेपर वाचत होते. पेपर उलटा नव्हता, पण पान बराच वेळ बदललं नाही.

त्यानंतरचे आठवडे पेटीचे. अहो, साधी पेटी! खिळे निघालेली, आत वाळकं गवत, कोपऱ्यात एक सडकं संत्रं होऊन गेल्याचा वास. पण भूमिका तिच्यावर बसून डबा खायची, मारायला उभी राहण्याआधी तिला हात लावायची, एकदा तर "चल बाई" म्हणाली. मला कधी "चल बाबा" म्हणाली नाही. मी फळीवर आपटून आपटून अंगावर चरे घेतले, आणि शाबासकी पेटीला, की हिच्यामुळे सुधारणा झाली. अडवणारा गुरू झाला. मार खाणारा साधन राहिला.

पण सुधारणा झाली, हे खरं. एका सकाळी मी वर गेलो, तिचा खांदा मागंच थांबला, आणि मी आतल्या बाजूनं उतरलो. पेटीच्या अलीकडून, तिला न चाटता. लोखंडाला सुख होतं का विचाराल तर होतं. तेवढ्यापुरतं.

चेंडू डावीकडे गेला. थोडा नव्हे, पार कुंपणापलीकडे.

सहानं सरळ. आठनं सरळ. सातनं पुन्हा कुंपणापलीकडे. निवड चाचणी जवळ आलेली, आणि ती रडकुंडीला येऊन म्हणत होती, माझंच काही तरी चुकून राहिलं. विहंगनं मला तिच्या हातातून घेतलं. सहा, सात, आठ असं तिघांना ओळीनं पेटीच्या फळीवर टेकवलं. त्याच पेटीवर. दोघांची तोंडं समोर, माझं भलतीकडे.

"याची मान कोणी वाकवली?"

रुपरावांनी चहाचा कप खाली ठेवला. "मी. चेंडू सरळ जाऊन राहिला होता का नाही?"

भूमिकानं माझ्याकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे.

"म्हणजे मले येतच नव्हतं, मोठेबाबा. अन् तुम्हाले माहीत होतं."

"तुझं मन मोडू नये म्हणून केलं वं."

"मंग पेढे काहून वाटले?"

रुपरावांनी खाली ठेवलेला कप पुन्हा उचलला. आयुष्यभर कालवे आखलेल्या माणसानं पाणी वाकडं जातं म्हणून कालवाच वाकवून ठेवला होता, आणि आता पाणी सरळ वाहायला लागल्यावर शेत बुडत होतं.

भूमिकानं विचारलं, हा परत सरळ होईल का? तेवढं तिनं विचारलं, हे मी विसरलेलो नाही. विहंगनं मानेवरून अंगठा फिरवला. बारीक चीर त्याला लागली. म्हणाला, आता उलटा वाकवला तर मानेतून जाईल, डोकं उडून कोणाला लागेल. मग आपल्या पिशवीतला सात नंबर काढून त्यानं तिच्या पिशवीत ठेवला. माझ्याच खाचेत.

त्याला मी जवळून पाहिलं. चेहऱ्यावर एक चरा नाही. ज्या हाताच्या सगळ्या चुका मी खाल्ल्या, तो हात त्याला तयार मिळाला. ज्या घट्ट्यासाठी मी दोन वर्षं घासलो, त्यात तो पहिल्याच दिवशी आरामात बसला. चाचणीला तो गेला. मी घरी, कूलरच्या मागं. संध्याकाळी हॉलमधून आवाज आले, पेढ्यांच्या खोक्याची दोरी तुटल्याचाही. निवड झाली होती. रुपराव सगळ्यांना सांगत होते, मी म्हणतच होतो, पोरगी आतून मारते.

हल्ली मी त्यांच्याबरोबर असतो. पहाटे फिरायला जाताना कुत्रे हाकलायला ते मला नेतात. रस्त्यात गुलमोहराची शेंग पडलेली दिसली की थांबतात, इकडंतिकडं बघतात आणि मला फिरवतात. तोच खांदा, तोच बाहेरून वळसा. माझ्या वाकामुळे शेंग सरळ जाते आणि ते खूश होतात. आमची जोडी छान जमली आहे. मला त्यांचा राग येतो आणि दुसरा हात मला नाही.

परवा खंडेनवमी झाली. पाटावर काठ्या मांडलेल्या, शेजारी ती संत्र्याची पेटीसुद्धा, झेंडूची माळ घालून. नव्या सातला पहिलं कुंकू. रुपराव मला घेऊन बाहेर निघाले होते. इंदूबाई म्हणाल्या, "त्यालेही बोट लाव वं, भूमिका."

तिचं कुंकवाचं बोट वर आलं. करंगळीखालचा घट्टा मला दिसला.

"राहू दे, मोठीआई," ती म्हणाली. "तो मोठेबाबांचा आहे."

शिकवणाऱ्या मोठ्या माणसांनो, एक सांगतो, पटलं तर घ्या. शब्द कळला नाही तर विचारा. पोराचा हात चुकला तर हात सुधारा, काठी वाकवू नका. एक ना एक दिवस हात सुधारतो, आणि तेव्हा वाकलेल्याला कोणी विचारत नाही.

रुपरावांचं काही गेलं नाही. माझी भूमिका गेली.