सातवा पीळ

"आणखी एक पीळ दे गं पुष्पा. तार सैल राहिली तर पाठ फिरली की सोडतात मेल्या," खालून इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या. स्टुलावर चढलेल्या पुष्पाबाईने पकडीने तारेला सातवा पीळ दिला. खिडकीची उघडी फळी भिंतीच्या कड्याला अशी आवळली गेली, की आता वारा येवो की माणूस, हलायची नाही.

बुलढाण्याच्या त्या ट्रस्टच्या दवाखान्यात पुष्पाबाई अकरा वर्षं टीबी वॉर्डची आया. वॉर्डात हवा खेळती पाहिजे, नाहीतर एकीचा खोकला दुसरीच्या छातीत जातो, हे तिला डॉक्टरांइतकंच पाठ. पण डिसेंबरातली घाटावरची थंडी ती! पुष्पाबाई वळली की पेशंट खिडक्या लावून घेत. म्हणून तारेची शक्कल तिनेच काढली. तपासणीला आलेले साहेब खूश. "कोणाची आयडिया?" सिस्टर म्हणाल्या, "माझीच, सर." पुष्पाबाई स्टूल उचलून चालती झाली. बोलून उपयोग काय? हीटर सिस्टरच्या खोलीत, चांगले मास्क सिस्टरच्या कपाटात. "तुला कशाला? तू काय, झाडून बाहेर जातेस," अशी तिची बोळवण व्हायची. ती नाकाला पदर लावून थुंकीचे डबे धुवायची.

खिडकीजवळच्या पलंगावर धाड गावची अन्नपूर्णाबाई होती. नुसती हाडं. तिने हात जोडले.

"पुष्पा, एक फळी लाव ना व माय. तुह्या पाया पडतो. हाडं गोठून राह्यली."

"अन् तुह्या खोकल्यानं बाजूचीले मारू काय? नियम सगळ्याईले सारखा हाय. नाटकं नोको करू."

वॉर्ड हसला. पुष्पाबाईलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोला. तिसऱ्या सकाळी अन्नपूर्णाबाई पाय पोटाशी घेऊन थंडगार पडलेली सापडली. पाय सरळ करता करता पुष्पाबाईला घाम फुटला. डॉक्टर म्हणाले, आजारानं गेली. पुष्पाबाईनेही तेच मानलं आणि पलंग पुसून घेतला.

पुढच्या डिसेंबरात पुष्पाबाईच्याच थुंकीचा रिपोर्ट आला. रिकामा पलंग एकच होता, खिडकीजवळचा.

"घाबरू नकोस गं, आपलाच वॉर्ड आहे," सिस्टर मास्कआडून म्हणाल्या आणि दारातूनच परत फिरल्या.

दोन दिवस पुष्पाबाईने दात आवळून सोसलं. कोणत्या तोंडानं मागायचं? तिसऱ्या दिवशी ऊन वर आलं तरी दोन गोधड्यांखाली दातावर दात वाजत होते. लाज संपली. तिच्या जागी नांदुऱ्याची अमीना नवीच लागली होती. पुष्पाबाईने तिला हाक मारली.

"अमीना, एक फळी लाव ना व माय. तुह्या पाया पडतो."

पोरगी मायाळू. सिस्टर जेवायला गेल्याचं बघून ती स्टुलावर चढली. तारेशी झटली, नख मोडलं, बोट कापलं.

"या अल्ला! मावशी, पकडीबिगर निघत नाही हे. अन् पकड सिस्टरच्या कपाटात." रक्ताचं बोट तोंडात घालून ती चिडली, "कोन्या मुर्दाडानं इतकी आवळली व? त्याले थंडी वाजत नसंल काय?"

हे ठाऊक असणारं पुष्पाबाईशिवाय वॉर्डातल्या पलंगांवर कोणी उरलं नव्हतं. पुष्पाबाईने वर पाहिलं. सातही पीळ जिथल्या तिथे होते.

"होती एक," ती म्हणाली. "लय पक्कं काम होतं तिचं."

आणि तिने पाय पोटाशी ओढून घेतले.