खिडकी बंद, पंखा चालू

अख्खी इमारत त्या स्वयंपाकघरात लोटली होती. न मावलेले लोक लावलेल्या दाराबाहेर जिन्यात कान देऊन उभे. मधोमध ज्योतवाले बाबा. त्यांनी पेटती मेणबत्ती न्हाणीघराच्या बंद दाराच्या फटीशी धरली आणि ज्योत आडवी होऊन थेट सुनेकडे वळली. घरात वाऱ्याची झुळूक नव्हती. लोकांनी हात जोडले.

"ज्योत खोटं बोलत नाही," बाबा म्हणाले. "सासूबाई आत आहेत. सूनबाई, त्यांची कोणती रीत मोडलीत तुम्ही?"

सासूबाई होत्या तोवर स्वयंपाकघराची खिडकी थंडीतही वीतभर उघडी असायची. त्या गेल्या आणि नवऱ्याने दुकानातला सगळ्यांत दांडगा एक्झॉस्ट फॅन आणला, खानावळीला पुरेल असा. आता धूळ कशाला घरात घ्यायची, म्हणून तिने खिडकी लावून टाकली. तेव्हापासून हे सुरू झालं. ती स्वयंपाकाला लागली की न्हाणीघराचं दार आपोआप आपटे, फटीतून कण्हल्यासारखा आवाज येई, तिचं डोकं गरगरे. काल तर तिची लेक छकुली अंघोळ करता करता मान टाकून भिंतीला टेकलेली सापडली. पोरीला काही झालं तर, या विचाराने आईला रात्रभर झोप नव्हती.

बाबांनी उपाय सांगितला. खिडकीच्या फटींना चिकटपट्टी, वर लाल कापड. पंखा मात्र चालू राहू दे, अरिष्ट बाहेर ओढलं जाईल. आणि पोरीला कढत पाण्याने एकटीनेच अंघोळ करू द्या, दार लावून. बाबांना शास्त्राचा गंध नव्हता. पंखा चालू असला की ज्योत वाकते एवढं पक्कं ठाऊक होतं, आणि त्यावरच त्यांची पोळी भाजत होती.

न्हाणीघरातला गॅस गिझर पेटला. छकुली आत गेली. पाण्याचा आवाज येत राहिला, एकसारखा.

"छकुले?"

उत्तर नाही.

"हाक मारू नका," बाबा कुजबुजले. "आत्ताच तर त्या सुटतायत."

सून गप्प बसली. मग तिला भुतापेक्षा त्या गप्प बसण्याचीच जास्त भीती वाटली. तिने उठून दार ढकललं, तर आतून कुणी दाबून धरल्यासारखं ते हटेना. जमलेल्या बायका किंचाळल्या.

तेवढ्यात जिन्यातल्या गर्दीतून वाट काढत नणंद आत आली, तिच्यामागे दार पुन्हा लागलं. ती डॉक्टर होती. वहिनीचा फोनवरचा रडवेला आवाज ऐकून दवाखाना सोडून निघाली होती.

"वहिनी, आधी पंखा बंद करा."

पंखा थांबला आणि दार एका धक्क्यात उघडलं. पोरगी फरशीवर निपचित पडली होती. नणंदेने तिला उचलून गच्चीवर नेलं, मोकळ्या हवेत, आणि तिथून तडक इस्पितळात. ऑक्सिजन लावल्यावर कितीतरी वेळाने छकुलीने डोळे उघडले. आईने तिचा हात सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी नणंदेने शेजाऱ्यांना पुन्हा बोलावलं, बाबांनाही. गिझर बंद ठेवून, बाहेरचं दार लावून तिने मेणबत्ती त्याच फटीशी धरली. पंखा चालू केला, ज्योत वाकली. बंद केला, सरळ. मग लाल कापड ओढून काढलं, खिडकी सताड उघडली आणि पंखा पुन्हा लावला. ज्योत जेमतेम हलली.

"माझी आई पंख्याच्या बटणावर चालायची का हो, बाबा?"

"ज्योत खोटं बोलत नाही," बाबा पुटपुटले.

"ज्योत नाहीच बोलत. तुम्ही बोलता." ती वहिनीकडे वळली. "हा पंखा ढीगभर हवा बाहेर फेकतो. तेवढी हवा आत यायला नको का? खिडकी बंद, दार बंद, म्हणून तो ती गिझरच्या धुराड्यातून उलटी ओढायचा. तो जोर दाराच्या फटीतून कण्हायचा, दार दाबून धरायचा. आणि गिझरचा धूर बाहेर जायच्याऐवजी न्हाणीघरात उतरायचा. त्यातल्या विषारी वायूला ना वास, ना रंग. काल आणखी थोडा उशीर झाला असता, तर मीही काही करू शकले नसते."

बाबा मेणबत्ती तिथेच टाकून जिना उतरले. दांडगा पंखा गेला. खोलीच्या मापाचा, हवा बाहेर नेणाऱ्या आखूड सरळ नळीचा आला. नवा गिझर बाहेरच्या भिंतीवर बसला. पंख्याचं बटण दाबायच्या आधी सून अजून घाबरते. आधी खिडकी वीतभर उघडते, सासूबाईंसारखी, आणि आतून छकुलीची ओ येईपर्यंत हाका मारत राहते.

पंखा घेताना दुकानदार हवा फेकण्याचा मोठा आकडा दाखवेल. त्याला विचारा, एवढी हवा बाहेर गेली तर आत कुठून येणार? आणि आपल्याच लेकराला हाक मारू नका असं जो सांगेल, त्याला दार दाखवा.