शेपटीच्या चांदणीचा सोऱ्या

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो: मी जुना आहे, पण मोड नाही. मोड म्हणजे भांडेवाला तराजूत तोलून नेतो ती फुटकीतुटकी भांडी. जुनं आणि मोड यांतला फरक पार्वताबाईंना एकदा कळला नाही, आणि त्यापायी यादोरावांची पितळी पिकदाणी गेली. ती कशी गेली ते ऐकायचं असेल तर नीट मांडी घालून बसा.

मी सोऱ्या. शेव-चकली पाडायचा पितळी सोऱ्या. एक नळा, वरून दाबायचा एक दट्ट्या आणि बुडाशी चकती, एवढाच माझा संसार. जन्म भंडाऱ्याचा, एक मे एकोणीसशे नव्व्याण्णवचा. त्याच दिवशी गोंदिया आमच्यातून निघून वेगळा जिल्हा झाला. जिल्ह्याचे एकाचे दोन झाले आणि टेकचंद कारागिराच्या हातात मी दोनाचा एक झालो. नळा आणि दट्ट्या जुळवून तो चकलीच्या चकतीला चांदणीचं भोक कोरायला बसला. चार टोकं सुरेख उतरली. पाचवं टोक घासताना बाहेर कोणीतरी आनंदानं (की दुःखानं, त्यावर अजून वाद आहे) सुतळी बॉम्ब लावला. कानस घसरली आणि पाचवं टोक लांब गेलं ते गेलंच. टेकचंदनं चकती उजेडात धरली आणि म्हणाला, "जाऊ दे. चकली काही आरशात पाहत नाही."

अशी ती शेपटीची चांदणी घेऊन मी आंधळगावात पार्वताबाईंच्या घरी आलो.

काय दिवस होते ते! चौदा एप्रिल असो, बुद्ध पौर्णिमा असो, कोणाचं बारसं असो, पहिला आवाज माझा. दिवाळीत मला विणकर मधुकररावांकडे उसना नेत. एका लग्नात तर मी न तोडता एकच शेव काढली. ती कढईतून निघाली, अंगणातून गेली, रस्ता ओलांडला, आणि मोहाडीच्या फाट्यावर बसची वाट पाहणाऱ्या पाहुण्यांनी तिचं दुसरं टोक खायला घेतलं. खोटं वाटत असेल तर यादोरावांना विचारा. पण जरा जपून विचारा, कारण ते त्या शेवेला तुमसरपर्यंत नेतात.

हे यादोराव म्हणजे पार्वताबाईंचे मालक. शाळेत शिपाई होते, आता निवृत्त होऊन पूर्णवेळ तंबाखू-सुपारीचा खर्रा खातात.

माझ्या चकत्या मात्र एकेक करून गेल्या. बारीक शेवेची यादोरावांनी धानावरच्या फवारणीच्या पंपाला लावली. तिथून औषधाची शेव पडू लागली म्हणतात. जाड शेवेची एका पाहुण्याच्या ताटात गेली आणि त्यानं ती पापड समजून चावली. त्याचा दात आणि माझी चकती, दोन्ही सापडले नाहीत. तिसरी पार्वताबाईंनी उंदराच्या बिळावर झाकण म्हणून ठेवली. उंदरानं ती आतून ओढून घेतली. दार म्हणून बसवली असावी. उरली एकटी चांदणी, तीही शेपटीची.

मग बाजारात पुड्यांतली शेव आली. मी फळीवरून माळ्यावर गेलो, माळ्यावरून खाटेखाली. पंधरा वर्षांचा झालो तेव्हा एका सकाळी पार्वताबाईंनी मला धरून मोडीच्या पोत्यात टाकलं. शेजारी पाणी तापवायचा बूड गेलेला गंज आणि कान तुटलेली कढई.

"उद्या भैय्याजी येते," त्या म्हणाल्या. "ह्याच्या बदल्यात स्टीलचा नवा सोऱ्या घेतो."

भैय्याजी म्हणजे सायकलवर भांडी बांधून फिरणारा भांडेवाला. त्याच्या पोत्यातून कोणी परत आलेलं मी ऐकलं नव्हतं. पुढचा मुक्काम भट्टी. मित्रांनो, पितळेला घाम फुटत नाही असं म्हणतात. म्हणणाऱ्यांनी त्या पोत्यात एक रात्र काढावी.

दुसऱ्या दिवशी डिसेंबरची चोवीस तारीख होती. पार्वताबाईंच्या नातीला, नऊ वर्षांच्या रश्मीला, नुकताच भाऊ झाला होता. एवढासा, माझ्या नळ्यात मावला असता. दवाखान्यातल्या तिर्की सिस्टर त्याचं वजन करायला रोज घरी यायच्या. सिस्टर छत्तीसगडातल्या जशपूरच्या, ख्रिस्ती. सणाला दरवर्षी घरी जायच्या. यंदा गेल्या नव्हत्या.

"सिस्टर, तुमी गावी काहून नाही गेल्या जी?" रश्मीनं त्या सकाळी विचारलं.

"तेरा भाई दो किलो का हो जाए, फिर जाऊँगी," सिस्टर म्हणाल्या.

"मंग नाताळ?"

"नाताळ इधर ही. कागज़ का तारा बनाया था, दरवाज़े पे टाँगा था. कल बकरी खा गई."

"अख्खा?"

"पहले पूँछ खाई, फिर बाकी."

"आन् खायले काय करते जी तुमच्या घरी?"

"अरसा. चावल का आटा, गुड़, तेल में तला. बस." एवढं बोलून सिस्टर पिशवी उचलून गेल्या. जाताना हसल्या, पण ते हसू अर्ध्यावरच राहिलं.

रश्मी उभीच राहिली. मग तिनं तिच्या मैत्रिणीला हाक मारली. ती मधुकररावांची तेजस्विनी.

"तेजू, आपल्या बाळापायी सिस्टरचा सन गेला. बकरीनं तारा खाल्ला. आपुन खायचाच तारा बनवू. संध्याकाळच्या आत."

"कायच्यानं बनवशीन?"

रश्मीनं मोडीच्या पोत्यात हात घातला आणि मला बाहेर काढलं! दट्ट्या आनंदानं किंचाळला. तेल नव्हतं म्हणून किंचाळला असं तुम्हाला वाटेल, वाटू द्या.

पार्वताबाई सुनेला शेक द्यायला आतल्या खोलीत होत्या. पोरींनी तांदळाचं पीठ घेतलं, गुळाचं पाणी घातलं, तीळ टाकले आणि गोळा मळला. चूल पेटवायची नाही हे त्यांना माहीत होतं, म्हणून गूळ थंड पाण्यातच विरघळवला. पीठ झालं विटेसारखं. ते माझ्यात ठासलं, रश्मीनं खाली ताट ठेवलं आणि दोघी पाहत बसल्या. चांदणीचं भोक, म्हणजे खाली टपटप चांदण्या पडणार, असा त्यांचा हिशोब.

दाबलं. काही नाही. दोघींनी मिळून दाबलं. काही नाही.

"आबाजी! इकडे या जी!"

यादोराव आले. त्यांनी हातानं दाबून पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाले, "हे हाताचं काम नाही. हे बसायचं काम आहे." मला खाटेच्या दोन काथ्यांमध्ये आडवा अडकवला, तोंड फाटकाकडे केलं आणि दट्ट्याला पाठ लावून ते सगळ्या वजनानिशी रेलले.

मित्रांनो, तोफ कशी सुटते हे मला त्या दिवशी कळलं. पिठाचा लांबलचक दोर सणाणत निघाला, अंगण ओलांडलं, आणि त्याच क्षणी फाटकातून सायकल आत घेणाऱ्या भैय्याजीच्या गळ्यात हारासारखा पडला.

भैय्याजी गडबडला. "हार कायले जी यादोराव? म्या तं निवडून बी नाही आलो!"

मग त्यानं हाराचं टोक चाखून पाहिलं. "गोड आहे," म्हणाला, आणि उरलेला हार खात तो ओट्यावर बसला.

रश्मीच्या डोळ्यांत मात्र पाणी. "तेजू, चांदण्या नाही पडून राहिल्या वं. दोरच पडून राहिला."

आवाज ऐकून पार्वताबाई बाहेर आल्या. "काय उपद्व्याप करून राहिल्या वं पोट्टीहो? आन् तुमी? एवढे बुढे झाले, खाटेवर काय घोडा-घोडा खेळून राहिले जी?"

रश्मीनं सगळं सांगितलं. बाळाचं नाव निघालं तशी पार्वताबाईंनी पदर खोचला. "सिस्टरसाठी होय? मंग असं सुकं पीठ? सरक."

त्यांनी गुळाचं पाणी गरम करून पुन्हा पीठ मळलं. आता माझ्यातून मऊ, सरळ दोर उतरू लागले, पाच टोकांचे, एक टोक लांब. पण दोराच्या चांदण्या करायच्या कशा? पार्वताबाईंनी चाकू लावला. चांदणी दबली आणि तिचं भजं झालं. दुसरी कापली, दुसरं भजं.

"थांबा जी आजी," तेजस्विनी म्हणाली. तिनं फ्रॉकच्या खिशातून कोशाच्या रेशमाचा धागा काढला. विणकराच्या लेकीच्या खिशात धागा नसेल तर काय असेल? तिनं दोराभोवती धाग्याचा वेढा घातला, दोन्ही टोकं उलटसुलट ओढली. टक्! एक चांदणी ताटात पडली. न दबलेली, सगळी टोकं जागच्या जागी, शेपटीसकट. टक्! दुसरी.

"माय वं!" पार्वताबाई म्हणाल्या. पुढं बराच वेळ अंगणात तेवढाच आवाज होता, टक्, टक्.

तळण पार्वताबाईंकडे. पहिल्या घाण्यातल्या चांदण्या तेलात हसल्या, म्हणजे फुटून सगळीकडे पसरल्या. भैय्याजीही हसला, आणि त्याला पार्वताबाईंनी झारा दाखवला. मग त्यांनी पिठात मूठभर कणीक घालून पुन्हा मळलं. दुसरा घाणा तांबूस, खमंग, एकही हसली नाही.

ताट भरलं. पोरी ते घेऊन निघाल्या, मागून पार्वताबाई. त्या घाईत मला कोणी विचारलं नाही. यादोरावांना मात्र अवदसा आठवली. एरवी काडी इकडची तिकडे न करणारा माणूस, त्या दिवशी त्यानं मला विसळलं, पुसलं आणि नीट परत मोडीच्या पोत्यात ठेवलं!

"घ्या भैय्याजी, तोला," म्हणाले.

भैय्याजीनं तोललं. स्टीलचा नवा सोऱ्या ओट्यावर ठेवला, पोतं सायकलला बांधलं. मी गेलो, मित्रांनो. पण सायकल भट्टीच्या दिशेनं जाण्याऐवजी तळणाच्या वासामागं गेली आणि सिस्टरच्या खोलीसमोर थांबली. यादोरावही वासावरच आले होते. पोत्याला एक भोक होतं. पुढचं सगळं मी त्यातून पाहिलं.

सिस्टरनं ताटावरचं फडकं उचललं. एक चांदणी बोटांत धरून वळवून पाहिली.

"पूँछवाला तारा," त्या हळूच म्हणाल्या. "यही तारा तो टाँगा था मैंने. पूँछवाला."

"बकरीनं खाल्लेला वापस आणला जी," रश्मी म्हणाली.

सिस्टरनं ती चांदणी तोंडात टाकली. मग दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या आणि बराच वेळ चावत राहिल्या. एवढीशी चांदणी, तिला एवढा वेळ लागत नाही.

"अरसा," शेवटी म्हणाल्या. "घर का अरसा." आणि सकाळी अर्ध्यावर राहिलेलं हसू पूर्ण झालं. "अम्मा, कल वार्ड में भी बाँटेंगे. वो मशीन लाना, मैं भी बनाऊँगी."

"आत्ता आणतो," पार्वताबाई म्हणाल्या. "अजी, सोऱ्या कुठी ठेवला?"

"ठेवला ना बरोबर," यादोराव अभिमानानं म्हणाले. "पोत्यात."

सगळ्यांच्या माना भैय्याजीच्या सायकलकडे वळल्या. भैय्याजीनं हातातली चांदणी घाईनं तोंडात घातली.

"काढ," पार्वताबाई म्हणाल्या.

"नाही जमत, बाई. तराजूत चढलेलं पितळ खाली उतरत नाही. माया बापाचा नेम आहे. तुमाले नवा देल्ला ना स्टीलचा?"

"त्या नव्याच्या चांदणीले शेपूट आहे का?" रश्मीनं विचारलं.

"शेपूट कायले राहीन वं? चांगला माल आहे तो."

"मंग आमाले वाईटच पायजे," तेजस्विनी म्हणाली.

पार्वताबाईंनी कंबरेवर हात ठेवले. "तुया बापाचा नेम राहू दे. पितळाच्या बदल्यात पितळ देतो, मंग तं झालं? तुया स्टीलचाही तू घेऊन जा." मग त्यांनी यादोरावांकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

"नाही वं रश्मीची आजी," यादोराव मागं सरकले. "ते नाही. ते नोको. चाळीस वर्षांची सोबत आहे."

"रश्मी, आबाजीची पिकदाणी आण. धुऊन आण."

पिकदाणी आली. एका पारड्यात ती, दुसऱ्यात मी. पिकदाणी थोडी जड भरली. ती चाळीस वर्षांच्या खर्ऱ्याची पुण्याई. जास्तीच्या वजनाचा भैय्याजीनं एक चमचा दिला. तो यादोरावांना मिळाला. त्यात थुंकता येत नाही.

नाताळच्या सकाळी सिस्टरच्या खोलीत मी इतक्या चांदण्या पाडल्या की त्या रात्री आंधळगावच्या आभाळात काही कमी दिसल्या, असं लोक म्हणतात. मी मोजायला गेलो नाही. बाळ पुढच्याच आठवड्यात दोन किलोचं झालं आणि सिस्टर घरी जाऊन आल्या. येताना बाळाला टोपडं आणलं आणि मला डबाभर अरश्याचं पीठ. तेव्हापासून दर चोवीस डिसेंबरला मला फळीवरून उतरवतात. चिंचेनं घासतात, कोरडा पुसतात, दट्ट्याला तेलाचं बोट लावतात. माझी उरलेली एकुलती चकती तेजस्विनीनं त्याच कोशाच्या धाग्यानं माझ्या कानाला बांधून टाकली आहे. आता उंदीर येऊ दे नाहीतर पाहुणा, ती जात नाही. यादोराव थुंकायला उठून परसात जातात, आणि येताना माझ्याकडे असं बघतात की मी दट्ट्या आत ओढून घेतो.

तर मित्रांनो, तुमच्या घरी मोडीचं पोतं दाराशी निघालं की तोलायच्या आधी एकदा त्यात हात घालून पाहा. आत कोणीतरी वेड्यावाकड्या भोकाचा असेल आणि अजून चांदण्या पाडत असेल, त्याला बाहेर काढा. पिकदाणी असेल तर खुशाल जाऊ द्या.